पावसात सापडलेली सुट्टी

१९७२ साली पावसाने महाराष्ट्राकडे पाठ फिरविली. विहिरी आटल्या, दावणी ओस पडल्या आणि नांगर धरणारे हात खडी फोडू लागले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अशाच काही कामांवर देखरेख करणाऱ्या एका ओव्हरसियरचे बिऱ्हाड नगर शहरात होते. घरात नवराबायको आणि तीन मुले. थोरली मुलगी दहा वर्षांची, मधला मुलगा सात वर्षांचा आणि धाकटी जेमतेम चार वर्षांची.

त्या वर्षभरात मुलांना वडील फारसे दिसलेच नाहीत. मुले निजलेली असतानाच ते पहाटे घराबाहेर पडत आणि रात्री परत येत तेव्हा मुले पुन्हा निजलेली असत. कित्येकदा कामावरच तंबूत मुक्काम पडे. मुलांना समजावताना ते एकच गोष्ट सांगत, ‘‘एवढे काम हातावेगळे होऊ द्या. मग तुम्हाला कळसूबाईवर नेईन.’’ कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १६४६ मीटर. थोरलीने हे भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते. शिखरावरचा एक दगड आणून दाखविण्याचे तिने वर्गातील मैत्रिणींना कबूलही केले होते. परंतु दिवाळी गेली, नाताळ गेला, उन्हाळ्याची सुट्टी सरत आली, तरी वडिलांना रजा काही मिळेना.

अखेर जून उजाडला. पेरणीचे दिवस जवळ आले म्हणून कामावरची काही माणसे गावोगाव परतू लागली, गर्दी थोडी ओसरली आणि वडिलांना पाच दिवसांची रजा मिळाली. शाळा उघडण्यास आठवडाच उरला होता. नगर, संगमनेर, अकोले, राजूर असा दिवसभर एस.टी.चा प्रवास करून मंडळी संध्याकाळी भंडारदऱ्यास पोहोचली. धरणापासून थोड्या अंतरावर, एका टेकाडावर, दोन खोल्यांचे लहानसे कौलारू घर ओळखीने मिळाले होते. शेजारीच रखवालदाराची झोपडी होती.

प्रवरा नदीवरचे हे धरण १९२६ साली पुरे झाले. येथे समुद्रासारखे पाणी दिसेल, अशी मुलांची कल्पना होती. प्रत्यक्षात पाणी पार तळाला गेले होते आणि काठाच्या उघड्या पडलेल्या गाळाला हातहात तडे गेले होते. पण थोरलीचे तिकडे लक्षच नव्हते. तिची नजर उत्तरेकडच्या त्या निळ्याकाळ्या शिखरावर खिळली होती. ‘‘परवा पहाटे निघायचे,’’ वडील म्हणाले, ‘‘उद्याचा दिवस विसावा घेऊ.’’

तो विसावा पावसाने घेऊ दिला नाही. मध्यरात्री आभाळ असे काही कडाडले की तिन्ही मुले एकदम आईला बिलगली. वारा सुटला, दिवा विझला आणि पाठोपाठ कौलांवर टपोरे थेंब ताशासारखे वाजू लागले. घराची कौले शाकारायची राहिली होती. बघता बघता चार ठिकाणी गळू लागले. आईने अंधारातच पातेली, तांब्या, परात, जे हाती लागेल ते गळतीखाली मांडले. भांडी भरली तशी ती रिकामी करण्यासाठी आई दाराशी गेली आणि तेथेच थबकली. वर्षभर घागर घागर पाण्यासाठी रांगेत उभी राहिलेली ती माऊली; तिच्याच्याने ते पाणी फेकवेना. तिने ते कोपऱ्यातल्या बादलीत ओतले.

धाकटी हे सारे डोळे विस्फारून पाहत होती. तिला कळू लागल्यापासून असा पाऊस तिने पाहिलाच नव्हता. तिने हळूच विचारले, ‘‘आई, वरचा नळ कोणी उघडा ठेवला ग?’’

त्या अंधारातही सगळ्यांना हसू आले. फक्त थोरली हसली नाही. 

सकाळी तिने खिडकी उघडली, तो कळसूबाई जागेवर नव्हती. डोंगर, धरण, झाडे, सारे धुक्याने आणि पावसाने पुसून टाकले होते. अंगणात मात्र तिला एक नवल दिसले. वडील उघड्या डोक्याने पावसात उभे होते. सदरा अंगाला चिकटला होता, चष्म्यावरून पाणी ओघळत होते आणि ते स्वतःशीच हसत होते. थोरलीच्या मनाला ते हसू फार लागले. ती एक अक्षरही न बोलता आत जाऊन बसली.

पाऊस दिवसभर पडला. दुसऱ्या दिवशीही पडला. दोन खोल्यांत पाच माणसे कोंडली गेली. ओल्या कपड्यांच्या दोऱ्यांखालून वाकून वावरावे लागे. ओली लाकडे पेटत नसत आणि चुलीचा धूर डोळ्यांत जाई. चिंचोके खेळून झाले, सागरगोटे झाले, भेंड्याही झाल्या. मधल्याने वर्तमानपत्राच्या होड्या करून अंगणाच्या ओहोळात सोडल्या. त्या बुडाल्यावर धाकटीने भोकाड पसरले. मग होडी कोणाची चांगली होती यावरून भांडण जुंपले. थोरली मात्र कशातच नव्हती. ती खिडकीशी बसून राही आणि जेवायला बोलावले तर ‘‘भूक नाही’’ म्हणे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा बांध फुटला. ‘‘वर्षभर तुम्ही घरी नव्हता, बाबा. एकदाच न्यायचे कबूल केले, तेही या मेल्या पावसाने नेले. आणि तुम्ही हसत होता! मी पाहिले.’’

आई तिला रागावणार होती. परंतु वडिलांनी हातानेच तिला थांबविले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग कंदील जवळ ओढून म्हणाले, ‘‘तुझे म्हणणे खोटे नाही, बाळ. मी हसत होतो. का ते सांगतो. आमच्या कामावर खडी फोडायला एक बाई येते. बाभळीला झोळी बांधून त्यात तान्हे मूल निजवते आणि दिवसभर घण चालवते. संध्याकाळी हजेरी झाली की रोज मला विचारते, ‘साहेब, आभाळात काही दिसतं का?’ जणू काही माझ्या हजेरीपटातच आभाळही लिहिलेले आहे! वर्षभर मी तिला काय उत्तर द्यावे? मान खाली घालून पुढे जात होतो. काल पहाटे वाटले, आता तिला तोंड दाखविता येईल.’’

थोरलीने ऐकून घेतले. तिचा राग थोडा निवळला. पण कळसूबाईचे दुःख काही सरले नाही. दुसऱ्याच्या सुखाची गोष्ट ऐकून आपले दुःख लगेच विरून जावे, इतके दहा वर्षांचे मन मोठे नसते.

तिसऱ्या दिवशी पावसाचा जोर जरा उतरला. रखवालदाराची म्हातारी आई पाठीवर इरले घेऊन आली. पदराआड तिने आठदहा कोरड्या गोवऱ्या आणल्या होत्या. मुलांचे कंटाळलेले चेहरे पाहून ती आईला म्हणाली, ‘‘बाई, पोरं माझ्या घरी धाडा घटकाभर.’’

झोपडी कुडाची होती. आत एका बाजूस शेळ्या बांधल्या होत्या, मध्ये चूल धगधगत होती आणि कोपऱ्यात शेणाने लिंपून तोंड बंद केलेली एक कणगी होती. चुलीपाशी अंग शेकता शेकता थोरलीने विचारले, ‘‘आजी, त्यात काय आहे?’’

‘‘बियाणं. भाताचं बियाणं.’’

‘‘म्हणजे भातच ना? मागच्या वर्षी तुमच्याकडे भात होता?’’

‘‘व्हता की. हाच.’’

थोरलीला आश्चर्य वाटले. दुष्काळात सगळ्यांनीच परदेशातून आलेला तांबडा मिलो खाल्ला होता. शहरातल्या रेशनच्या दुकानापुढे तीही त्यासाठी उभी राहिली होती. ती म्हणाली, ‘‘मग तुम्ही हा भात का नाही शिजवला?’’

म्हातारी हसली. ‘‘बी खाल्लं, तर पाऊस येऊन काय करंल, पोरी?’’ मग चुलीतले लाकूड पुढे सारीत ती सांगू लागली, ‘‘नातू रडायचा. भात दे म्हणायचा. मी त्याला रानातला कंद उकडून द्यायची, आन् ह्या कणगीला पाठ लावून बसायची. तिकडं बघितलं तर हात जाईल म्हणून.’’

थोरलीने त्या नातवाकडे पाहिले. तो तिच्याच वयाचा होता. शेळीच्या करडाला मांडीवर घेऊन तो बसला होता आणि आपल्याविषयी बोलणे चालले आहे म्हणून लाजत होता. परत येताना थोरली एकदम आईला म्हणाली, ‘‘आई, मला भूक लागली आहे.’’

चौथ्या दिवशी उघडीप मिळाली. ढग वर सरकले, कड्याकड्यांवरून पांढऱ्या धारा कोसळू लागल्या आणि कळसूबाईचा पायथा दिसू लागला. वडील लगबगीने म्हणाले, ‘‘शिखरावर जाता येणार नाही, वाट निसरडी झाली असेल. पण पायथ्याच्या बारी गावापर्यंत आज जाऊन येऊ. चल, तुला जवळून तरी दाखवितो.’’

तेवढ्यात शेजारच्या झोपडीतून बैलांना हाकण्याचा आवाज आला. म्हातारी कणगीचे तोंड फोडीत होती. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण जाळून भाजून ठेवलेला राब आता भिजला होता. त्यात नांगर धरायचा आणि बी पेरायचे. मग पुन्हा पाऊस आला तरी चिंता नव्हती. थोरलीने एकदा डोंगराकडे पाहिले, एकदा झोपडीकडे पाहिले आणि ती म्हणाली, ‘‘बाबा, आज आजीच्या राबात जाऊ या का?’’

वडिलांनी तिच्याकडे नवलाने पाहिले. ‘‘आणि कळसूबाई?’’

‘‘ती कोठे जाते? बी आजच पेरायचे आहे.’’

सगळेच राबात गेले. राखेने काळी झालेली ती माती पावसाने लोण्यासारखी मऊ झाली होती. म्हातारीने पुढे येऊन तिन्ही मुलांच्या हातांवर मूठमूठ बी ठेवले. ‘‘मूठ सैल सोडा. बी टाकायचं न्हाई, पसरायचं,’’ तिने शिकविले. थोरलीने पसरले, मधल्यानेही पसरले. धाकटी मात्र मूठ घट्ट आवळून उभी राहिली. पानात एक शीतही टाकायचे नाही, दाणा सांडायचा नाही, हे तिने वर्षभर ऐकले होते. ‘‘चिखलात सांडले तर आई रागावेल,’’ ती रडवेली होऊन म्हणाली. तेव्हा आई स्वतः चिखलात उतरली, तिची इवलीशी मूठ आपल्या हातात धरली आणि दोघींनी मिळून ते दाणे पसरले.

पेरणी उरकते न उरकते तोच पुन्हा पाऊस आला. त्या दिवशी आडोशाला कोणीच पळाले नाही.

पाचव्या दिवशी मंडळी परत निघाली. एस.टी. सुटण्याच्या वेळी ढग क्षणभर फाकले आणि शिखर स्पष्ट दिसले. थोरलीने मुकाट्याने हात जोडले. पुढे अकोल्याच्या वाटेवर प्रवरेचे लालसर पाणी खळाळताना दिसले आणि बाजूच्या शेतांत माणसे पाभरी जुंपताना दिसली. वडील खिडकीबाहेर पाहत होते आणि हसत होते. थोरली त्यांच्या दंडाला टेकून बसली होती.

दिवाळीच्या सुमारास नगरच्या घरी एका ओळखीच्या माणसाबरोबर एक गाठोडे आले. त्यात नव्या हळव्या भाताची, अजून न कांडलेली साळ होती. सोबत निरोप होता, ‘पोरांच्या मुठीचं हाय.’ आईने ती साळ उखळात कांडायला घेतली, तेव्हा थोरलीने त्यातली एक मूठ आधीच बाजूला काढून फडक्यात बांधली.

‘‘ती कशाला ग?’’ आईने विचारले.

‘‘बी,’’ ती म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात कळसूबाई चढून झाली. शिखरावरचा दगडही आणला गेला आणि कालांतराने तो हरवलाही. ती मूठ मात्र हरवली नाही. त्या वर्षीचा मृग लागण्यापूर्वीच ती भंडारदऱ्याच्या कणगीत परत पोहोचली होती.