काळारामाचें दार आणि १७ वें कलम

२६ नोव्हेंबरला संविधानाचें स्मरण करतांना आपल्या सुशिक्षित घरांतून १३ व्या कलमाची वाखाणणी फार होते : मूलभूत हक्कांशीं विसंगत असा कायदा तेवढ्यापुरता शून्य. राज्यसत्तेला वेसण कोणाला आवडणार नाहीं? पण आम्हां नाशिककरांना १७ वें कलम अधिक जवळचें वाटावयास हवें. २ मार्च १९३० रोजीं पंचवटींत काळारामाच्या दाराशीं डॉ. आंबेडकर व दादासाहेब गायकवाड यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांच वर्षें तो चालला. दार उघडलें नाहीं. तें लावणारे हात आपल्याच वाड्यांतले होते, आणि तेही गीता मुखोद्गत असलेल्यांचे! अस्पृश्यता नष्ट करणारें १७ वें कलम सरकारापाशीं थांबत नाहीं. तें माजघरांत येतें. नातवंडांपुढें मी तेंच आधीं वाचतों. दार कोणीं लावलें होतें, असें त्यांनीं मला विचारावें म्हणून.