विसरलेलं गालगुंड

माझ्या टेबलाच्या खणात एक माळ असते. अंड्याच्या आकाराचे, चढत्या क्रमाने ओवलेले बारा मणी. प्रत्येकावर आकडा, 1 पासून 25 मिलिलिटरपर्यंत. तिला ऑर्किडोमीटर म्हणतात. एका हाताने वृषण चाचपायचं, दुसऱ्या हाताने त्याच मापाचा मणी शोधायचा. प्रौढ पुरुषात बहुधा 15 किंवा त्यापुढचा मणी जुळतो.

एका तरुणाला उजवीकडे 8 चा जुळला, डावीकडे 6 चा. लग्नाला सहा वर्षं झालेली. बायकोच्या तपासण्यांची फाइल दोन बोटं जाड. त्याची वीर्यतपासणी मात्र गेल्याच महिन्यात, पहिल्यांदा. शुक्राणू शून्य. पूर्वी काही मोठं दुखणं? "काही नाही, डॉक्टर." गालगुंड? तो थबकला. "बारावीत झालं होतं. गाल उतरत आले आणि पुन्हा ताप भरला, खाली सूज आली. आठवडाभर धड चालता येत नव्हतं. आईला सांगायची लाज वाटली."

गालांना रक्तचंदनाचा लेप लागला होता. खालच्या दुखण्याचा घरात कुणाला पत्ताच नव्हता.

गाल फुगतो, कारण कातडी ताणली जाते. वृषणाभोवतीचं पांढरं, चिवट आवरण तसं ताणलं जात नाही. आत सूज चढली की सगळा दाब शुक्राणू घडवणाऱ्या नाजूक नळ्यांवर येतो, आणि त्यातल्या काही कायमच्या सुकतात. लस न घेतलेल्या, वयात आलेल्या मुलग्यांना गालगुंड झालं, तर सुमारे 15 ते 30 टक्क्यांना हा त्रास होतो. बहुतेकांच्या एकाच बाजूला, त्यामुळे पूर्ण वंध्यत्व क्वचितच येतं. टेस्टोस्टेरॉन तयार करणाऱ्या पेशी त्यामानाने चिवट. म्हणून दाढी, आवाज, कामेच्छा बहुधा शाबूत राहतात. 'मी पुरुष उरलोय का?' असं हे तरुण मान खाली घालून विचारतात तेव्हा मी आधी हे सांगतो.

थासोस बेटावरच्या साथीत गालांबरोबर वृषणंही सुजल्याचं हिपोक्रेटिसच्या काळात लिहून ठेवलेलं आहे. लस 1967 पासून आहे. तरी आपल्या सरकारी लसीकरणात गोवर आणि रुबेला आहेत, गालगुंड नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना गालगुंडासह तिन्हींवरची एमएमआर लस सुचवते, पण ती बहुतेक ठिकाणी खिशातून पैसे घालून घ्यावी लागते. हे मला पटत नाही, आणि संधी मिळेल तिथे मी ते बोलतो.

सगळेच विषाणू असं कायमचं नुकसान करत नाहीत. फ्लू असो, डेंग्यू असो, कोविड असो, जोराचा ताप आला की शुक्राणूंचा काउंट काही काळ घसरतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून तापानंतर तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा केल्याशिवाय मी मत देत नाही. झिकाची गोष्ट वेगळी. तो वीर्यात रेंगाळतो आणि जोडीदाराला लागू शकतो. 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला रुग्ण सापडला, तेव्हा डासांइतकंच कंडोमबद्दलही बोलावं लागलं ते त्यामुळेच.

त्या तरुणाची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. सूक्ष्मदर्शकाखाली नळ्या उलगडत गेलं की कधी एखाद्या कोपऱ्यात शुक्राणू सापडतात, कधी नाही. दोन्ही शक्यता मी दोघांना समोर बसवून सांगितल्या. उठताना बायकोने तिची जाडजूड फाइल उचलली नाही. "ही आता लागणार नाही ना?" तिने विचारलं. त्याने ती उचलून काखेत घेतली आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.