मुळीकांचा ळ





या पानावर मी दर वेळी परीक्षा, फी, शिस्त असे काहीतरी लिहितो आणि ते कोणी वाचत नाही हे मला ठाऊक आहे. या वेळी चित्रकथांबद्दल, म्हणजे कॉमिक्सबद्दल लिहिणार आहे. मुख्याध्यापकाने असल्या विषयावर लिहावे का, असे काही वडील मंडळींना वाटेल. त्यांनी सांभाळून घ्यावे. माझे शिक्षण पहिलीपासून पदवीपर्यंत हिंदी माध्यमात झाले. मराठी घरात बोललो तेवढीच. आमच्या मराठीच्या बाई हे पान तपासून देतात, तरी ज्या चुका उरतील त्या माझ्या.

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गातून एका मुलाला माझ्या खोलीत आणले गेले. गणिताच्या तासाला वहीच्या मागच्या बाजूने चित्रे काढत होता. मोठमोठे डोळे, वाऱ्यावर उडणारे टोकदार केस, बारीक हनुवटी. दप्तरात एक जाडसर पुस्तकही सापडले. मी ते उघडले आणि मला काही समजेना, कारण मी शेवटच्या पानापासून वाचत होतो. मुलगा म्हणाला, "सर, हे उजवीकडून सुरू होतं." ही जपानची चित्रकथा होती, तिला मांगा म्हणतात. इंग्रजीत भाषांतर करतानाही बहुतेक प्रकाशक पानांची दिशा उलटवत नाहीत. पंचावन्नाव्या वर्षी मला पुस्तक कुठून उघडावे हे आठवीतल्या मुलाने शिकवले.

तरी मी जे करायचे तेच केले. वही आणि पुस्तक खणात ठेवले, वडिलांना बोलावणे पाठवले. वडील आले. ते इथल्याच एका कारखान्यात आहेत, शिफ्ट सोडून आले होते. म्हणाले, "सर, तुम्हीच समजवा. चित्रांनी कुणाचं पोट भरलंय?"

मी मान हलवली. पण ते वाक्य मी आधी ऐकले होते. चाळीस वर्षांपूर्वी, आमच्याच घरात, जवळजवळ याच शब्दांत.

माझे वडीलही पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात कामाला होते. तेव्हा इथे सकाळचा भोंगा झाला की सायकलींची रांग लागायची. किला मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गुमटी होती, तिथे चार आण्यात एक दिवसासाठी कॉमिक्स भाड्याने मिळे. दोरीवर चिमटे लावून टांगलेली असत. लहानपणी अमर चित्र कथा, मग इंद्रजाल, आणि मी अकरावीत असताना, १९८६ मध्ये, नागराज आला. हिरवी खवल्यांची कातडी, मनगटातून निघणारे साप. दिल्लीच्या राज कॉमिक्सने काढलेला. दहशतवाद्यांना भाड्याने देण्यासाठी एका दुष्ट प्रोफेसरने बनवलेला माणूस, जो बाबा गोरखनाथांमुळे सुटतो आणि उलट त्यांच्याच मागे लागतो. कथा परशुराम शर्मांची. कथेचे मला फारसे कौतुक नव्हते, खरे सांगतो. मी ती चित्रांसाठी घेत असे. त्या माणसाच्या खांद्याचा, पोटरीचा स्नायू जिथे असायला हवा तिथेच असे. तो उडी मारे तेव्हा वजन कुठल्या पायावर होते ते दिसे. जीवशास्त्राच्या पुस्तकातला स्नायूंचा तक्ता मला नागराजमुळे कळला, आमच्या सरांमुळे नाही.

आतल्या पहिल्या पानावर लिहिलेले असे: चित्र, प्रताप मुलिक. मी समजत होतो हे कोणी बंगाली किंवा पंजाबी गृहस्थ असावेत.

मी रात्री ती चित्रे बघून बघून काढत असे. एके दिवशी वडिलांनी वह्या पाहिल्या. आमच्या इंदूरने नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारखा चित्रकार दिला, हे वडिलांना ठाऊक होते आणि अभिमानही होता. पण ते म्हणाले, "बेंद्रे एकच झाले. बाकीच्यांचं पोट कशाने भरलं?" दुसऱ्या दिवशी वह्या अटालेवाल्याच्या तराजूत गेल्या. वडिलांना दोष देत नाही. पाच माणसांच्या घरात एकच पगार होता. मी बी.एस्सी. केले, मास्तर झालो, आणि चित्रकला सुटली.

आता त्या ळ विषयी. हिंदीच्या शाळेत मी 'शाळा' म्हटले की मुले हसत. म्हणून मी 'शाला' म्हणू लागलो, केळ्याला केला, बाळाला बाल. गंमत अशी की माळवीत ळ आहे, आमचे दूधवाले, भाजीवाले सर्रास ळ बोलत. पुस्तकातल्या हिंदीत तो नाही, एवढेच. पण मुलाला पुस्तकच खरे वाटते. मोठा होईपर्यंत माझ्या जिभेवरून ते अक्षर पुसल्यासारखे झाले होते. आजही भाषण करताना मी ळ च्या आधी क्षणभर थांबतो, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

१९९४ मध्ये एका लग्नासाठी पुण्याला मामांकडे गेलो. मामेभावंडांच्या कपाटात अमर चित्र कथेचा मराठी 'शिवाजी' होता. घोडे पाहिले आणि ओळखले. हा हात मला ठाऊक होता. उलटून नाव पाहिले: प्रताप मुळीक.

मुळीक. ळ सकट.

मामा म्हणाले, "अरे, ते आपल्या पुण्याचेच." मी पुस्तक हातात घेऊन बसून राहिलो. ज्यांची चित्रे गिरवत मी मोठा झालो ते माझ्याच भाषेचे होते, आणि आठ वर्षे मला ते कळले नाही, कारण आमच्या छापखान्यात एक अक्षर नव्हते. मुळीक तेव्हा पुण्यातच होते. मी पत्ता विचारू शकत होतो. विचारला नाही. तीस-चाळीस पानांची कॉमिक्स वाचून कोणी भेटायला जाते का, असे वाटले. शिवाय मी नुकताच शिक्षक झालो होतो आणि शिक्षकाने असे करायचे नसते अशी माझी समजूत होती. २००६ मध्ये ते गेले.

नंतर मी नावे वाचायला लागलो. अमर चित्र कथा १९६७ मध्ये अनंत पै यांनी मुंबईत सुरू केली. पै कर्नाटकातल्या कारकळचे. त्या मालिकेचा पहिला भारतीय विषय 'कृष्ण', त्याची चित्रे राम वाईरकरांची. महाभारताचे बेचाळीस भाग आले त्याची चित्रे दिलीप कदमांची. आणखी पाने उलटा: वसंत हळबे, प्रदीप साठे, अशोक डोंगरे, मधु पोवळे. आमच्या नागराजलाही पुढे विठ्ठल कांबळे यांचा हात लागला. देशभरातली मुले आपापल्या भाषेत ही पुस्तके वाचत होती, चित्रे मात्र सगळीकडे तीच. अशा पुस्तकात चित्र एकदाच काढले जाते आणि फुग्यातला मजकूर तेवढा भाषेप्रमाणे बदलतो. म्हणून चित्रकाराची भाषा कोणती, हे वाचणाऱ्याला कधी कळत नाही.

लहान मुलांना वाईरकर नाव माहीत नसेल, पण सुप्पंडी माहीत आहे. टिंकल मासिक १९८० मध्ये निघाले, त्यात १९८३ पासून सुप्पंडी आला. मूळ गोष्टी तमिळ लोककथेतल्या, तो लांबट डोक्याचा नोकर कागदावर उतरवला तो वाईरकरांनी. २००३ मध्ये वाईरकर वारले. त्यांच्यामागे त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी सुप्पंडी काढला. घरातला व्यवसाय मुलीने चालवावा तसा. शिकारी शंभू हळब्यांचा. त्याची टोपी इतकी खाली असते की डोळे कधी दिसतच नाहीत. जपानी लोकांनी सगळा जीव डोळ्यांत ओतला आणि आमच्या हळब्यांनी डोळेच झाकून देशाला हसवले. मला यात हळब्यांचे जास्त कौतुक वाटते, पण आठवीतल्या मुलांना हे पटणार नाही.

खणातली वही मी तिसऱ्या दिवशी पाहायला काढली. आधी फक्त चाळली होती. प्रत्येक चित्राच्या खाली त्या मुलाने बारीक अक्षरात लिहिले होते की हे कोणाचे चित्र बघून काढले आहे. जपानी नावे, देवनागरीत. एका पानावर ओसामु तेझुका असे होते. मी त्याला बोलावून विचारले. तो इतके बोलला की मधली सुट्टी संपली. तेझुका १९२८ मध्ये जन्मले, शिकून डॉक्टर झाले आणि डॉक्टरी केलीच नाही. १९५२ मध्ये त्यांनी यंत्रमानव मुलाची गोष्ट सुरू केली, तिला बाहेर ॲस्ट्रो बॉय म्हणतात. पुढे आपल्या गौतम बुद्धाचे चरित्र त्यांनी चित्रांत काढले, १९७२ ते १९८३ अशी जवळजवळ बारा वर्षे. १९८९ मध्ये वारले. ते ज्या गावात वाढले त्या ताकाराझुकात १९९४ पासून त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. १९९४ म्हणताना मला मामांचे कपाट आठवले.

मी त्याला विचारले, "डॉक्टरी सोडली तेव्हा घरचे काय म्हणाले?"

तो म्हणाला, "सर, त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, तुला जे आवडतं ते कर."

मी गप्प झालो. मग त्याला विचारले, "तू प्रताप मुळीक हे नाव ऐकलं आहेस?" नव्हते ऐकले. नागराज? तो मोबाइलवर पाहिल्यासारखा वाटतो, म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी घरून दोन जुनी कॉमिक्स आणली. माझ्या वह्या गेल्या, पण नंतर खजूरी बाजारातून थोडी थोडी करून मी ही पुस्तके जमवली आहेत. माझ्या पत्नीशिवाय हे कोणाला ठाऊक नव्हते, आता सगळ्यांना कळले. त्याने ती बराच वेळ पाहिली. म्हणाला, "हात चांगले काढलेत. मला हात जमत नाहीत." मला वाटते मुळीकांना हे शेरे आवडले असते.

वडिलांना पुन्हा बोलावले. या वेळी त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. चित्रांनी पोट भरेल की नाही हे मी त्यांना सांगू शकलो नाही, कारण मला ठाऊक नाही. मुळीक, वाईरकर, कदम यांनी आयुष्यभर हेच काम केले एवढे मी सांगितले. मुलाची गणितात पहिल्या चाचणीत अठ्ठावीस आणि दुसऱ्या चाचणीत एकतीस टक्के आहेत हेही सांगितले, कारण तेही खरे आहे. आमचे ठरले ते असे: गणिताच्या तासाला गणित. शनिवारी शेवटचा तास चित्रकथेचा, ज्याला यायचे त्याने यावे. पहिल्या शनिवारी चौदा मुले आली, त्यात नऊ मुली. मी मागच्या बाकावर बसतो. ब्रश आणि शाईने सांधे काढायला पुन्हा शिकतो आहे आणि माझे नागराजचे खवले अजूनही माशासारखे दिसतात.

विश्वस्त मंडळाला एक विनंती आहे, ती बैठकीत मांडीनच, पण इथेही लिहून ठेवतो. वाचनालयाच्या या वर्षीच्या रकमेतून थोडी रक्कम चित्रकथांसाठी मिळावी. मराठीतल्या आधी.

या अंकाचे मलपृष्ठ त्या मुलाने काढले आहे: पोलोग्राउंडचा पाऊस, कारखान्याची चिमणी आणि फाटकाशी छत्री धरून उभे असलेले त्याचे वडील. हात त्याने खिशात दाखवले आहेत, कारण ते जमत नाहीत. छत्री मग कोणी धरली आहे हे मी विचारले, तेव्हा त्याने एक हात पुन्हा काढला. तो पुरेसा चांगला आला आहे. खाली त्याने स्वतःचे नाव लिहिले आहे. त्याच्या आडनावात ळ आहे. कच्च्या प्रतीत छापखान्याने त्याचा ल केला होता, तो मी दुरुस्त करून पाठवला.