पडद्यावरचा आकडा

भिंतीवरच्या घड्याळाचा सेल उतरत आला की सेकंदकाटा साधारण नऊच्या आसपास अडखळू लागतो. जागच्या जागी थरथरतो, पण पुढे सरकत नाही; कारण तिथे त्याला उभी चढण चढायची असते. आतले सर्किट बिचारे दर सेकंदाला इमानाने एकेक ठोका देतच असते. काटा हलला की नाही, हे पाहण्याची सोय त्याच्याजवळ नसते. घड्याळातले हे यंत्र म्हणजे एक चिमुकली स्टेपर मोटरच. आमच्या पाठ्यपुस्तकात या मोटरला जेमतेम दीड पान मिळाले आहे. परीक्षेला तेवढे पुरते. पण तिच्यापायी एखाद्याच्या पगारावर गदा येऊ शकते, हे मला कळले ते उद्यमबागेत.

गेल्या हिवाळ्यात ट्रेनिंगसाठी मी तिथल्या एका लहान कारखान्यात जात होतो. नाव देत नाही. या अंकात त्यांची जाहिरातही नाही. लोखंडी पट्ट्यांना दर ६० मिलिमीटरवर एक, अशी आठ भोके पाडायची, हे तिथले एक काम. पूर्वी एक मामा हे काम हाताने करीत. पट्टीवर स्क्रायबरने रेघ ओढायची, पंच मारायचा, मग ड्रिलखाली धरायची. अलीकडे मालकांनी त्यासाठी यंत्र बनवून घेतले होते. पट्टी एका स्लाइडवर बसवायची, स्लाइडला बॉल स्क्रू, स्क्रूला स्टेपर मोटर आणि मोटरला हुकूम सोडायला पीएलसी. मामांकडे उरले ते पट्टी बसवणे, बटण दाबणे आणि पट्टी काढणे.

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. कला आणि वाणिज्य शाखेच्या मित्रांनी कंटाळू नये. नेहमीची मोटर वीज दिली की फिरतच सुटते. स्टेपर मोटर एका ठोक्याला ठराविक एवढेच वळते. ही मोटर २०० पावलांत एक फेरा पुरा करी. ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे आठ तुकडे केले होते, म्हणजे एका फेऱ्याला १६०० ठोके. एका फेऱ्यात स्क्रू १० मिलिमीटर पुढे नेई. म्हणजे ६० मिलिमीटर जायचे तर ९६०० ठोके द्यायचे. मोजून दिले की झाले. अंतर मोजायला वेगळे काही लागत नाही, हीच या मोटरची स्वस्ताई.

पीएलसीला मात्र हे ठोके देण्याचे काम मुळातले नव्हे. १९६८च्या सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सला रिलेंनी भरलेल्या कपाटांचा वीट आला होता. त्यांना पर्याय म्हणून डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॉडिकॉन ०८४’ हा कंट्रोलर तयार केला, तो या घराण्याचा मूळपुरुष. त्यामुळे पीएलसी आपला प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. अशा एका फेरीला १० मिलिसेकंद लागले आणि ठोके साध्या प्रोग्राममधून दिले, तर सेकंदाला फार तर ५० ठोके पडतील. म्हणजे एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत जायला तीन मिनिटांहून जास्त. तेवढ्यात मामांनी सगळी पट्टी हाताने उरकली असती! म्हणून मोटरसाठी पीएलसीत जलद ठोक्यांचा वेगळा आउटपुट घ्यावा लागतो, आणि तोही ट्रान्झिस्टरचा. रिलेचा संपर्क हजारो वेळा उघडमीट करून लवकरच झिजून जाईल.

इथवर सारे ठीक होते. मी रुजू झालो तेव्हा मात्र कारखान्यात धुसफूस चालू होती. काही पट्ट्यांची भोके गेजवर बसत नव्हती. रोज पाच-सहा पट्ट्या बाद होत. मालकांचे म्हणणे एकच.

“मशीन चुकत नाही मामा. पट्टी नीट दाबून बसवत जावा.”

“पट्टी बरोबरच बसीवतोय ओ. आकडा बरोबर येतोय, पण भोक तिथं न्हाई.”

आणि आकडा खरोखरच बरोबर होता. पडद्यावर ६०.००, १२०.००, १८०.०० असे स्वच्छ आकडे उमटत. त्यापुढे तीस वर्षे ड्रिलवर उभ्या राहिलेल्या माणसाचा शब्द हलका पडला. त्या महिन्यात मामांचा दोन दिवसांचा पगार कापला गेला.

मामा भांडले नाहीत. त्यांनी एक पुठ्ठा घेतला आणि बाद झालेली प्रत्येक पट्टी व्हर्नियरने मोजून फरक लिहायला सुरुवात केली. एका दुपारी तो पुठ्ठा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. ०.२, ०.४, ०.२, ०.६, ०.२, ०.४. मोजण्यातला शेकडा-दोन शेकड्याचा फरक सोडला तर सगळे आकडे ०.२च्या पाढ्यातले. ०.३ एकदाही नाही, ०.५ एकदाही नाही. शिवाय फरक एखाद्या भोकापासून सुरू होई आणि पुढची सारी भोके तेवढीच सरकलेली असत. जवळजवळ सगळ्या नोंदी सकाळच्या पहिल्या तासातल्या.

माणसाचा हात असा पाढ्यात चुकत नाही. पट्टी सैल बसली तर कधी ०.१३ चुकेल, कधी ०.३७. स्क्रूची ढिलाई असती तर फरक रोज सारखाच आला असता. ०.२ कुठून येतो? मी दीड पान पुन्हा वाचले. अशा मोटरच्या रोटरला ५० दाते असतात. भार न पेलल्याने रोटर चुंबकीय क्षेत्राच्या मागे पडला, तर तो अधेमधे थांबत नाही; निसटतो आणि मागच्या दात्यावर जाऊन बसतो. एक दाता म्हणजे फेऱ्याचा पन्नासावा भाग. १० मिलिमीटरचा पन्नासावा भाग किती? ०.२ मिलिमीटर. खरे सांगतो, हा भागाकार केला तेव्हा अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी कपलिंगवर आणि शेजारच्या ब्रॅकेटवर समोरासमोर खडूची रेघ ओढली. स्लाइड वीस वेळा पुढे-मागे पळवून पुन्हा शून्यावर आणली. पडद्यावर ०.०० आले. दोन रेघा मात्र एकमेकींपासून चांगल्या बोटभर सरकल्या होत्या. मालक बराच वेळ कधी पडद्याकडे, कधी रेघांकडे पाहत राहिले.

पडद्यावरचा तो आकडा पीएलसीने दिलेल्या ठोक्यांचा हिशेब होता, स्लाइडच्या जागेचा नव्हे. कारण पुढे उलगडले. यंत्र बनवून देणाऱ्यांचा माणूस दिवाळीपूर्वी येऊन वेग सेकंदाला ६४०० ठोक्यांवरून १६००० वर नेऊन गेला होता. वेग वाढला की या मोटरची ताकद घटते, आणि हिला वीजही २४ व्होल्टचीच होती. त्यात बेळगावची डिसेंबरची सकाळ! स्लाइडवरचे ग्रीस घट्ट झालेले असे. दहा वाजता ऊन आले की यंत्र पुन्हा शहाणे.

आमच्या सरांना मी घेऊन गेलो. त्यांनी वेग ८००० वर आणला, सुरुवातीचा वेग हळूहळू चढेल असे केले, आणि एक तपासणी घातली. प्रत्येक पट्टीनंतर स्लाइड मूळ जागी परत यायची, शेवटचे काही मिलिमीटर अगदी सावकाश, सेकंदाला १६० ठोक्यांनी. तिथला सेन्सर लागला त्या क्षणी हिशेब शून्याच्या १६ ठोक्यांपलीकडे असला, तर तांबडा दिवा लागून यंत्र थांबायचे. एक दाता निसटला तर ३२ ठोक्यांचा फरक पडतो, म्हणजे चोरी सुटणार नाही. कुठल्या भोकाला निसटला हे यातून कळत नाही, पण ती पट्टी गेजवर लावल्याशिवाय पुढे जात नाही.

या मूळ जागेला इंग्रजीत ‘होम’ म्हणतात. मामा तिला घर म्हणू लागले, आणि वायरिंग करणारा कन्नड मुलगा ‘मने’. पॅनेलवर शेवटी दोन्ही शब्द चिकटले.

मी होतो तोवर दिवा दोनदा लागला, दोन्ही वेळा सकाळी. कापलेले दोन दिवस पुढच्या पगारात जमा झाले; मालक तोंडाने काही बोलले नाहीत. मोटरच्या मागे एन्कोडर बसवला तर प्रत्येक पाऊल जागच्या जागी तपासता येईल, असे सरांनी त्यांना सांगितले. त्यांनी किंमत विचारली आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाले. मामा तेव्हा नवा पुठ्ठा कापत होते.