मुर्रीहून वाळवंटात : मुलांची सहल आणि पाण्याचा हिशेब

आमच्या वस्तीत प्रवास म्हटला की तो नागपूरच्या दीक्षाभूमीचा, नाहीतर मुंबईच्या चैत्यभूमीचा. नुसता देश पाहण्यासाठी मुलाबाळांसह निघणे ही चैन आमच्या आईवडिलांच्या वाट्याला कधी आली नाही. म्हणून गेल्या डिसेंबरात शाळेला सुट्या लागल्या, तशी आम्ही आठ दिवसांची रजा टाकली आणि दोन कुटुंबे मिळून मुर्रीहून थेट राजस्थानचे वाळवंट गाठायचे ठरवले.

परदेशात घरासारख्या मोटारी असतात. त्यातच झोपायचे, त्यातच रांधायचे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये अशा कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पण कारकुनाच्या पगारात ते कसे बसावे? आम्ही भाड्याचा टेम्पो ट्रॅव्हलर घेतला. मागची बाके काढून गाद्या अंथरल्या. छोटा सिलिंडर, शेगडी, तांदूळ, डाळ, जवसाची चटणी, मुरमुरे आणि फल्लीदाणे भरले. आम्ही चार मोठी माणसे, चार ते अकरा वर्षांची चार मुले आणि आमच्याच वस्तीतला ड्रायव्हर, ज्याला मुले मामा म्हणत, अशी नऊ डोकी झाली.

नागपूर, बैतूल, भोपाळ, कोटा, अजमेर, जोधपूर असा सुमारे दीड हजार किलोमीटरचा रस्ता. दुपारी झाडाखाली गाडी थांबवून बाहेर शेगडी मांडायची, रात्री एखाद्या ढाब्याच्या आवारात विचारून मुक्काम करायचा. लहान मुले असली की रोज तीनशे-साडेतीनशे किलोमीटरच्या वर धावू नये, हे आम्ही दुसऱ्याच दिवशी शिकलो.

आमचा गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आजही शेत भिजवतात. वर्षाला बाराशे मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. जैसलमेरला मात्र दोनशेच्या आतबाहेरच. अमेरिकेतल्या वाळवंटी उद्यानांत माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळपास चार लिटर पाणी जवळ ठेवायला सांगतात. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून आम्ही लगेच गुणाकार केला : नऊ गुणिले चार, छत्तीस लिटर. वीस-वीस लिटरचे दोन कॅन घेतले आणि थोरल्या मुलीला पाण्याची रोजकीर्द लिहायला बसवले. किती जमा, किती खर्च!

जैसलमेरपासून सतरा किलोमीटरवर अकल येथे दगड झालेली झाडे आहेत. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी तिथे जंगल होते. लाकूड म्हणून मुलांनी हात लावला तर थंडगार दगड! पुढचे राष्ट्रीय मरू उद्यान १९८० मध्ये जाहीर झाले. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत ते ३१६२ चौरस किलोमीटर पसरले आहे. सगळी वाळूच असेल असे वाटले होते. पण बराचसा भाग खडकाळ, गवताचा आणि खेजडीच्या झाडांचा निघाला. चिंकारा दिसले. गोडावण, म्हणजे आपल्याकडचा माळढोक, काही दिसला नाही. आता देशभरात हे पक्षी दोनशेसुद्धा उरलेले नाहीत आणि विजेच्या तारांवर आदळूनही मरतात, हे ऐकून मुले गप्प झाली.

समच्या टेकड्यांवर मुले मनसोक्त घसरली. रात्री अशी थंडी पडली की सगळे एकाच गोधडीत. दुसऱ्या दिवशी खुडीच्या बाजूला निघालो आणि घात झाला. सकाळपासून धाकट्याला जुलाब लागले होते, आणि त्यातच एका कॅनची तोटी उघडी राहून पाणी गाडीत सांडून गेल्याचे उशिरा कळले. चूक आमचीच. दुसऱ्या कॅनमध्ये तळाला जेमतेम दोन तांबे. पोराचे ओठ सुकले, डोळे ओढल्यासारखे झाले. जलसंजीवनीची पुडी जवळ होती. पण पुडी पाण्याशिवाय काय कामाची? उरलेले पाणी त्याच्यासाठी राखले आणि बाकीच्या मुलांना कोरडेच ठेवले.

बऱ्याच वेळाने एक ढाणी, म्हणजे चार घरांचा पाडा दिसला. अंगणात टांके होते. पावसाचे पाणी साठवायला जमिनीखाली बांधलेली ही झाकलेली टाकी. धाकटे बंधू भांडे घेऊन गेले. घरच्या माणसाने आधी गाव विचारले, मग जात विचारली. बंधूंनी सरळ सांगितले, "बौद्ध. बाबासाहेब आंबेडकरांची माणसे." तो क्षणभर थांबला. मग भांडे कुंपणाबाहेर जमिनीवर ठेवायला सांगून त्याने वरून पाणी ओतले.

पाणी दिले, हे खरे. जिथे थेंब मोलाचा, तिथे दिले, याचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण आधी विचारले, हेही विसरणार नाही.

सायंकाळी पुढच्या वस्तीवर एका आजीबाईंनी काही न विचारता स्वतःच्या खाटेवर पोराला निजवले आणि घरच्या लोट्याने चमचा-चमचा पाणी पाजले. रात्री त्याला लघवी झाली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

मुलगी रोजकीर्द लिहीत होती. तिने विचारले, "बाबा, त्या माणसानं पाणी असं दुरून काहून ओतलं जी?" मग गाडीत बसून आम्ही मुलांना एक जुनी गोष्ट सांगितली. १९०१ मध्ये लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून, आगगाडीने वडिलांकडे निघाली होती. मसूर स्टेशनावर जात कळली आणि बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे देऊन मिळाली, तीही मुलांनीच हाकायची! डबा सोबत होता, पण पाणी कुणी देईना. भरल्या डब्याशेजारी मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

चार वर्षांच्या धाकट्याने झोपेत विचारले, "त्यांच्याजवळ कॅन नव्हता?" आम्हाला उत्तर सुचले नाही.

वाचक बंधूभगिनींनो, मुलांना घेऊन अवश्य निघा. देश आपलाही आहे, तो पाहिला पाहिजे. पण पाण्याची तोटी रोज रात्री तपासा. सगळे पाणी एकाच भांड्यात ठेवू नका. जलसंजीवनीची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाठ करून ठेवा. पोर मलूल झाले तर दवाखाना गाठा. आणि वाटेत काही खटकले तर ते मुलांपासून लपवू नका; ती बघत असतातच.

परत आल्यावर मुलीने हिशेबाची वही पुरी केली. जमेच्या बाजूला तिने दोन्ही घरांचे पाणी लिहिले होते. आजीबाईंच्या लोट्याखाली मात्र दोन रेघा. यंदा उन्हाळा लागताच तिच्याच हट्टाने आमच्या मुर्रीच्या घरासमोर रस्त्यावर माठ मांडला. सोबत पेला ठेवला आहे. पिणाऱ्याला काही विचारायचे नाही, असा तिचा नियम आहे.