मायना आणि मजकूर

माझे वडील तालुक्याच्या कचेरीबाहेर, चिंचेच्या सावलीत लाकडी पेटी मांडून बसणारे अर्जनवीस होते. आणि आज इकडे स्टुटगार्टमध्ये, प्राक्टिकुमसाठी म्हणजे कारखान्यातील उमेदवारीसाठी धडपडणारी मराठी मुले आपापले आनश्राइबेन, म्हणजे अर्जासोबतचे एकपानी पत्र, तपासून घेण्यास माझ्याकडे येतात, तेव्हा वडिलोपार्जित धंदाच आपण पुढे चालवीत आहोत, असे मला वाटू लागते.

ही मुले बुद्धिमान असतात, परंतु पत्र लिहावयास बसली की त्यांच्या अंगात एखादे गांजलेले कूळ संचारते. ‘आपल्या सुप्रसिद्ध व अग्रगण्य कंपनीत’, ‘आजन्म ऋणी राहीन’, ‘पडेल ते काम करण्याची तयारी आहे’! या विनयाला मी हसत नाही. कारण तरुणपणी मीही येथील एका कारखान्यास असेच पत्र धाडले होते, आणि तेथील वयोवृद्ध अधिकाऱ्याने त्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून, यत्किंचितही उपहास न करता विचारले होते की, ‘पडेल ते काम’ नावाचा विभाग आमच्याकडे नाही, तर तुम्हांला कोणत्या मेजावर बसवू? त्या वेळी मला तो अपमान वाटला. बिचारा केवळ माझ्यासाठी मेज शोधत होता.

वडिलांचा मायना थाटाचा असे; ‘मेहेरबान मामलेदार साहेब यांचे सेवेशी’ हे शब्द ते वळणदार अक्षरात, जणू रांगोळी घालावी तसे काढीत. तथापि मायना संपताच पहिल्या ओळीत सर्व्हे नंबर, क्षेत्र, कोणत्या तारखेच्या कोणत्या हुकुमाविरुद्ध तक्रार आहे आणि अर्जदाराचे मागणे काय, एवढा ऐवज येई. फेरफाराच्या अर्जात आईचे आजारपण घाला म्हणून कुणी गळ घातली, तर ते टाक खाली ठेवीत आणि म्हणत, “शेरा काय मारायचा, हे साहेबाला चार ओळींत कळलं पाहिजे.” आमच्या मुलांनी मायना तेवढा उचलला आणि मजकूर मागे राहिला.

परदेशी विद्यार्थ्याचे पत्र हाती घेणाऱ्या इथल्या अधिकाऱ्यापुढे शेऱ्याआधी एक कायदेशीर अडचण उभी असते, आणि ती तो बहुधा बोलून दाखवीत नाही. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या विद्यार्थ्यास १ मार्च २०२४ पासून वर्षाकाठी १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. परंतु अभ्यासक्रमानेच सक्तीचे केलेले प्राक्टिकुम या हिशेबात धरीत नाहीत, आणि २०१५ पासून अमलात असलेला किमान वेतनाचा कायदाही त्यास लागू होत नाही. (हे दुसरे कलम मला न्याय्य वाटत नाही, पण पत्र हे कायद्याशी भांडण्याचे ठिकाण नव्हे.) म्हणून प्रशिक्षण सक्तीचे की ऐच्छिक, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहवून घेतो. गुणांचेही तसेच. आपल्याकडे दहापैकी ८.२ म्हणजे पेढे वाटण्याजोगी गोष्ट. येथे १ हा सर्वोत्तम आणि ५ म्हणजे अनुत्तीर्ण, तेव्हा नुसता ८.२ हा आकडा वाचून वाचणारा गोंधळतो. उत्तीर्णतेची मर्यादा ४ असल्यास येथील प्रचलित सूत्राने त्याचे १.९ होतात, तेही शेजारी लिहावे.

समारोपात ‘भेट झाल्यास आनंद होईल’ असा संकेतार्थ नको, ‘भेटीची वाट पाहत आहे’ असे निश्चयार्थी लिहा, असा येथील मार्गदर्शकांचा आग्रह असतो. तो मला किंचित अतिरेकी वाटतो, तरी मी तो पाळतो.

गेल्या वर्षी सांगली जिल्ह्यातील एक मुलगा आला. त्याच्या पत्रात यंत्रशास्त्राविषयीच्या उत्कट ओढीवर संपूर्ण परिच्छेद होता, आणि त्यातून तो मुलगा कोण हे कळण्यास कोणताही मार्ग नव्हता. चहा घेता घेता मी खोदून विचारले, तेव्हा निघाले ते असे की, एका गळीत हंगामात साखर कारखान्यात मळीपासून साखर वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या बेअरिंगांचे तापमान तो दर पाळीला एका वहीत टिपून ठेवीत असे, आणि त्यांतील एकाचे आकडे चढत चाललेले पाहून त्याने फोरमनला सांगितल्यामुळे ते बेअरिंग यंत्र बंद पडण्यापूर्वीच बदलता आले.

“हे पत्रात का नाही?”

“ते काय लिहायचं, काका? साखर कारखान्यातलं काम ते.”

त्या संध्याकाळी आम्ही ओढीचा परिच्छेद काढून टाकला आणि तेथे ती वही आणली: किती यंत्रे, किती आठवडे, आकडा कितीवरून कितीवर गेला. ज्या कंपनीस पत्र जावयाचे होते ती फिरत्या यंत्रांवर पाळत ठेवणारी उपकरणे बनविते, तेव्हा स्तुतीची गरज उरली नाही.

अंगठा घेण्यापूर्वी वडील प्रत्येक अर्ज अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवीत. मी थोडा फरक करतो. सहीपूर्वी ज्याचे पत्र त्यालाच वाचावयास लावतो. तो उभा राहून वाचू लागला आणि दुसऱ्या परिच्छेदात, मीच मोठ्या हौसेने घातलेल्या एका भारदस्त जर्मन शब्दापाशी दोनदा अडखळला. मी तो शब्द खोडला.