तुरटाची गोडी

बारोलो पहिल्यांदा ग्लासात ओतली की माणूस थोडा हिरमुसतो. नाव ऐकून काळीभोर, दाट वाईन डोळ्यांपुढे आलेली असते, आणि समोर असते पातळशी लाल, कडेला विटकरी झाक असलेली. इतकी नितळ, की ग्लासाआडचं वर्तमानपत्र वाचावं. मग नाक जवळ नेलं की वाळलेला गुलाब येतो, त्याच्या पाठोपाठ डांबर. आणि घोट घेतला की गाल आतून आवळले जातात, जीभ टाळूला लागते ती सुटत नाही.

हा प्रताप टॅनिनचा. द्राक्षाच्या सालीतून नि बियांतून ते उतरतं, लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंडातला ओशट गुळगुळीतपणा काढून घेतं. झाडाखाली बसून ओंजळभर जांभळं खाल्लेल्या माणसाला यात नवल वाटू नये. सहा रसांत तुरटाला मानाचं पान देणारे आपण. तरी वाईनच्या दुकानात उभे राहिलो की ‘स्मूथ आहे ना?’ असंच विचारतो. इटलीच्या लाल वाईनला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ती ताटाशेजारी ठेवण्यासाठी केलेली असते. लोणी, चीज, मांस यांचा घास पोटात गेला की तिचा तुरटपणा निवळतो, आंबटपणा तोंड स्वच्छ करतो आणि हात पुढच्या घासाकडे जातो. नुसती प्यायली तर ती जरा फणकाऱ्यानेच वागते.

बारोलोचं द्राक्ष नेबिओलो. पिएमोन्ते प्रांतातल्या लांगेच्या टेकड्यांवर ते सगळ्यांआधी फुटतं आणि पिकतं सगळ्यांच्या शेवटी, ऑक्टोबरात, दऱ्यांत धुकं साचायला लागल्यावर. म्हणून दक्षिणेचं ऊन खाणारे उतार त्याच्यासाठी राखलेले. बार्बेरा आणि दोल्चेत्तो यांनी उरल्यासुरल्या जागेत भागवायचं. रोजच्या जेवणाला तिथली माणसं याच दोघींच्या बाटल्या उघडतात, कारण बारोलोला सवड लागते. ला मोर्रा गावाकडची त्यातल्या त्यात लवकर नमते, सेर्रालुंगाची वर्षानुवर्षं ताठ. कायद्यानेच ती किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडात.

लाकूड कुठलं, यावरून या टेकड्यांवर घरं फुटली आहेत. बापजाद्यांची पद्धत भल्यामोठ्या जुन्या पिंपांची. 1980 च्या दशकात तरुणांनी फ्रान्सकडे पाहून लहान, नवी पिंपं आणली. एलियो आल्तारे यांनी तर वडिलांची जुनी पिंपं यांत्रिक करवतीने कापून काढली. वडिलांनी त्यांना वारशातून वगळलं. पलीकडच्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो. त्यांनी स्वतः रंगवलेल्या लेबलवर लिहिलं : ‘नो बार्रीक, नो बेर्लुस्कोनी’. लहान पिंप आणि राजकारणी, दोघांनाही एकाच दमात नकार. मी म्हाताऱ्यांच्या बाजूचा. नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास गुलाबावर चढून बसतो, आणि मग बारोलोच का घ्यावी?

तस्कनीत सांजोवेसे द्राक्षाची तऱ्हा वेगळी. आंबट चेरी, सुकलेला पाला, थोडं चामडं. तिथल्या कियांती वाईनची ही कणखर बाजू, पण तिच्यात पाणी घालायचं काम कायद्याने केलं. इटलीचे पंतप्रधान राहिलेले बेत्तीनो रिकासोली यांनी 1872 मध्ये एका पत्रात मिश्रणाचा आपला अनुभव मांडला होता : मुख्य सांजोवेसे, सोबत कानाइओलो, आणि लवकर प्यायच्या वाईनमध्ये पांढरी मालवाझिया. 1967 च्या नियमांत पांढरं द्राक्ष चक्क सक्तीचं झालं. चांगली वाईन करू पाहणाऱ्यांनी मग कियांतीचं नावच सोडलं. 1970 च्या दशकात तिन्यानेल्लोसारखी बाटली साधी ‘टेबल वाईन’ म्हणून विकली जायची आणि भाव मात्र चढा. कियांती क्लासिकोतून पांढरी द्राक्षं पुरती हद्दपार व्हायला 2006 उजाडलं. सरकारी कागद आणि माणसाची जीभ यांत कुणाचं खरं, ते तस्कनीच्या शेतकऱ्याला आधीच ठाऊक होतं.

वेरोनाजवळ वाल्पोलिचेल्लात तर काढणीनंतर घाई म्हणून नाहीच. कोर्विनाचे निवडक घड माडीवर एकेरी थरात पसरतात, खिडक्या उघड्या ठेवतात. एक मणी दुसऱ्यावर दबता कामा नये, बुरशी लागलेला घड लगेच उचलायचा. जानेवारीपर्यंत वजन तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक उतरतं, साल सुरकुतते, साखर दाटते. त्यातून निघते आमारोने, पंधरा-सोळा टक्के अल्कोहोलची. तिचा चोथाही वाया जात नाही. साधी वाल्पोलिचेल्ला त्यावर पुन्हा आंबवतात. आमारोने एका ग्लासापुढे मला पेलत नाही, चोथ्यावरची ती धाकटी मात्र जिवाभावाची.

दक्षिणेत ज्वालामुखींचं राज्य. वुल्तुरेच्या उतारावरची अल्यानिको काळी, करकरीत तुरट. एटनावर हजार मीटरच्या आसपास, काळ्या लाव्हाच्या मातीत नेरेल्लो मास्कालेसे वाढतं आणि रंगाने पुन्हा फिकंच निघतं. डोळे मिटून प्यायलं तर नेबिओलोची आठवण यावी.

सांजोवेसे आता आपल्याकडेही आली आहे. अकलूजला ‘फ्रातेल्ली’ या वाईन कंपनीच्या बागांत ती लावली आहे. तिथे वेलीला हिवाळी झोप नाही, वर्षात दोन छाटण्या होतात आणि काढणी ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर.

पण आपल्या तिखटापुढे टॅनिन भडकतं, अल्कोहोल घशात जळतं. तांबड्या रश्शाच्या जेवणाला बारोलो काढणं म्हणजे दोघांचाही अपमान. तिथे हवी लांब्रुस्को : मोदेनाची, फसफसती, फ्रीजमधून काढलेली लाल वाईन. निर्यातीच्या गोड बाटल्यांनी तिचं नाव खराब केलं आणि जाणकार अजून नाकं मुरडतात. कोरडी, सोर्बाराची मिळाली तर घ्या. बारोलो त्या रात्री कपाटात आडवीच पडू द्या.